मिश्री लावणाऱ्या दोघी

आई,

जेवणं झाली, भांडी डिशवॉशरमध्ये गेली, तुझी नात तिच्या खोलीचं दार लावून बसली, तरी बाहेर अजून ऊन आहे. इथे कॅनडात, एडमंटनला, जूनमध्ये संध्याकाळ संपता संपत नाही. मागच्या डेकवर बसलं की कुंपणापलीकडच्या झाडांवर तो मधासारखा उजेड तासन्‌तास तसाच पडून राहतो, आणि बघता बघता आपण कुठे आहोत, कोणतं वर्ष चाललंय, हे जरा सैल होतं. अशा वेळी तू येतेस. बोलत नाहीस. मागच्या दाराच्या पायरीवर पाठमोरी बसलेली असतेस, उजव्या गुडघ्यावर कोपर टेकलेलं आणि बोट तोंडात.

मला तुला एका मुलीबद्दल सांगायचंय. इथे ऐकायला कोणी नाही असं नाही. नवरा आहे, मैत्रिणी आहेत, मंडळातल्या बायका आहेत. पण ही गोष्ट सांगताना मधे कुणीतरी नुसतं ‘व्हय’ म्हणावं लागतं, आणि ते तुझ्यासारखं कुणाला जमत नाही.

मी जिथे काम करते ते गरोदर बायकांचं छोटं क्लिनिक आहे. खाली फार्मसी आणि कॉफीचं दुकान, वर आम्ही. पहिल्यांदा आलेल्या बाईला मी आत घेते, वजन करते, ब्लडप्रेशर बघते आणि ठरलेले प्रश्न विचारते. सिगरेट ओढता का, व्हेप करता का, दारू, गांजा. (गांजा इथे दुकानात मिळतो, आई. तुला खोटं वाटेल.) ती आली तेव्हा नोव्हेंबर होता, पार्किंग लॉटमध्ये बर्फाचे ढीग लागायला सुरुवात झाली होती. मापापेक्षा मोठं जाकीट, बहुतेक नवऱ्याचं, आणि आत साधा कुर्ता. कराडच्या बाजूची, बी.कॉम. झालेली, लग्न करून वर्षभरापूर्वी इकडे आलेली. नवरा आयटीत. तो बाहेर फोनवर बोलत बसला होता. माझ्या प्रत्येक प्रश्नाला तिने इंग्रजीत ‘नो’ म्हटलं, शाळेत हजेरी द्यावी तसं. मग मी तिच्या दंडाला पट्टा गुंडाळायला वाकले आणि मला तो वास आला. जळक्या पानाचा, किंचित गोडसर, तव्याला चिकटून राहिलेला.

खिडकीच्या काचेवर बर्फाची नक्षी धरलेली आहे, आणि मी कारखान्याच्या कॉलनीतल्या आपल्या दोन खोल्यांच्या घरात उभी आहे. तू तवा तापवतेस. तंबाखूची पानं त्यावर पसरतेस, आणि धुराचा असा लोट उठतो की बाबा शिंकत शिंकत अंगणात पळतात. शेजारच्या काकू भिंतीपलीकडून ओरडतात, “भाजा गं भाजा, चिमूटभर आमच्याकडंबी द्या!” पानं काळी पडली की तू ती हाताने चुरतेस, फडक्यातून गाळतेस, डबीत भरतेस. कुणी मशेरी म्हणतं, आपल्याकडे मिश्री. सकाळी उठल्यावर, भाकऱ्या झाल्यावर, दुपारी, सासूचा निरोप आल्यावर, बाबांशी वाजल्यावर, तू ती डबी घेऊन पायरीवर जाऊन बसायचीस. आता वाटतं, त्या घरात तुझं असं काहीच नव्हतं. बाबांची खुर्ची होती, माझा अभ्यासाचा कोपरा होता. तुझी ती पायरी होती. तोंडात मिश्री असेपर्यंत तुला कुणी हाक मारत नसे, कारण तुला ओ देता यायची नाही.

मी पट्टा सोडला, स्टूल पुढे ओढलं आणि मराठीत विचारलं, “मिश्री लावतेस का गं?”

तिने आधी दाराकडे पाहिलं. मग माझ्याकडे. “तुम्हाला कसं कळलं?”

“माझी आई लावायची.”

“पण ताई, तुम्ही सिगरेटचं विचारलंत ना? ही काय सिगरेट आहे? दात तर घासायचे.”

“दिवसातून किती वेळा घासतेस दात?”

आणि ती हसली, आई. ओढणी तोंडावर धरून, अगदी तू हसायचीस तशी. मग तिने मला बेसमेंटची गोष्ट सांगितली. गावाहून कुणीतरी तिच्यासाठी तंबाखूची पानं आणली होती. ती एका दुपारी तिने इलेक्ट्रिक शेगडीवर भाजायला घेतली, आणि छतावरचा स्मोक अलार्म असा काही किंचाळायला लागला की वरच्या मजल्यावरच्या पंजाबी मालकीणबाई चपला न घालता खाली आल्या. “क्या जल गया पुत्तर?” तर ही म्हणते, “जीरा, आंटी.” मालकीणबाईंनी वास घेतला, हिच्याकडे पाहिलं आणि खिडकी उघडली. उणे वीसमध्ये. हे सांगताना ती हसत होती आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. नवऱ्याला वाटायचं ते आयुर्वेदिक दंतमंजन आहे. इथल्या मैत्रिणींना कळलं तर गावंढळ म्हणतील. तिची आजी दात दुखला की लहानपणी तिच्या हिरडीला लावायची, तेव्हापासूनची सवय.

मग मला तिला खरं सांगायचं होतं. तंबाखू ओढली काय, चघळली काय, हिरडीला लावली काय, रक्तात तीच उतरते आणि रक्तातून बाळाकडे जाते. बाळ वाढत नाही नीट, वेळेआधी येतं, कधीकधी राहत नाही. हे सांगणं माझं काम आहे आणि मी ते कितीदा तरी केलंय. पण त्या दिवशी तोंड उघडताना मला आरोग्य केंद्रातला तो बाक दिसायला लागला.

मी दुसरीत असेन. तुझं पोट दिसायला लागलंय आणि आपण दोघी तालुक्याच्या आरोग्य केंद्रात बाकावर बसलोय. मी तुझा पदर धरलाय. आपला नंबर आल्यावर सिस्टर तुला तोंड उघडायला सांगते. तू उघडतेस. तशी ती बाकावरच्या बायकांकडे वळून म्हणते, “बघा, बघा सगळ्याजणी. असलं काळं तोंड घेऊन ही पोर जन्माला घालणार. जगंल का ते?” कुणीतरी हसतं. तू तोंड मिटतेस, पदर ओठांवर ओढतेस आणि माझा हात धरून बाहेर येतेस. गोळ्यासुद्धा न घेता. एसटीत तू खिडकीबाहेर बघत बसलीस. घरी आल्यावर पहिल्यांदा पायरीवर जाऊन बसलीस.

माझा भाऊ आठव्या महिन्यात घरीच झाला. सुईणीने तो माझ्यासमोर धरला तेव्हा मला वाटलं, हे मांजराचं पिल्लू आहे. ओंजळीत मावेल एवढा. तो फार दिवस राहिला नाही. त्याचं बारसंही झालं नाही, म्हणून त्याला हाक मारायला माझ्याकडे नाव नाही. आणि त्यानंतर तू आपणहून कधीही, कशासाठीही, दवाखान्याची पायरी चढली नाहीस.

एक गोष्ट लिहायला मला जड जातंय. ती सिस्टर खोटं बोलली नव्हती, आई. मी शिकले तेव्हा मला कळलं, आणि कळल्यावर मी हॉस्टेलच्या बाथरूममध्ये नळ सोडून रडले होते. तिचं म्हणणं खरंच होतं. फक्त तिने तुला ते खरं फेकून मारलं, आणि मग पुढे काय करायचं ते सांगितलंच नाही. मिश्री सुटते कशी, सोडताना डोकं दुखलं तर काय करायचं, पायरीऐवजी कुठे बसायचं, काही नाही.

म्हणून त्या मुलीला मी सगळं हळू सांगितलं. तिचा हात माझ्या हातात होता.  ती म्हणाली, “आजपासून बंद करू?”

“आजपासून कर, नाहीतर सोमवारपासून. तू ठरव. कसं करायचं ते आपण मिळून बघू.”

आमची डॉक्टर उंच, शांत बाई आहे, केस पांढरे झालेले. तिने ‘मिश्री’ हा शब्द माझ्याकडून दोनदा म्हणून घेतला आणि मग म्हणाली की तिची स्वतःची आई पोटुशी असताना सिगरेट ओढायची, तेव्हा सगळ्याच ओढायच्या, कुणी काही बोलत नसे. आम्ही दोघींनी बसून ठरवलं. आधी बोलून, सवयी बदलून बघायचं. नाहीच जमलं तर निकोटिनच्या गोळ्यांचा विचार डॉक्टर स्वतःच्या देखरेखीखाली करणार. इथे तंबाखू सोडणाऱ्यांसाठी फोनलाइन आहे, तिथे किती भाषा बोलतात, पण मराठी बोलणारं त्या वेळी कुणी मिळालं नाही. मग मीच तिची फोनलाइन झाले. तलफ आली की ती मला मेसेज करायची. “ताई, आत्ता.” एवढाच. मी म्हणायचे, लवंग धर तोंडात, जिना चढून वर जा, आंटींशी दोन शब्द बोल, दारातला बर्फ फावड्याने बाजूला कर हलक्या हाताने, आणि मग मला सांग. बऱ्याचदा पुढचा मेसेज यायचा, “गेली.”

नवऱ्याला तिने स्वतःच सांगितलं, माझ्यासमोर. तो लागला ओरडायला, “म्हणजे इतके दिवस तू तंबाखू...” तेव्हा ती म्हणाली, “आणि तुमच्या जाकिटाला येतो तो वास कशाचा? मी तेच घालून इथं आलेय.” तो खाली बघायला लागला. ऑफिसच्या बाहेर, गाडीत, थंडीमुळे काचा वर करून ओढायचा तो. “घरात तर नाही ना ओढत, मॅडम,” मला म्हणाला. मी म्हटलं, तुमची गाडी हेच बाळाचं पहिलं घर असणार आहे, हॉस्पिटलमधून बाळ तिच्यातूनच घरी जाईल. धूर सीटमध्ये मुरतो. पुढच्या वेळी तो आला तेव्हा गाडी आतून धुऊन आणलेली होती आणि हे सांगताना त्याचे कान लाल झाले होते.

मग जानेवारी आला. तुला इथला जानेवारी सांगता येणार नाही. श्वास घेतला की नाकातले केस काड्यांसारखे ताठ होतात आणि सूर्य येतो तो नुसता तोंड दाखवून जातो. त्या महिन्यात ती अपॉइंटमेंटला आली नाही. मेसेज नाही, फोन उचलत नाही. तिचा नवरा म्हणाला, “ती ठीक आहे, जरा झोपून असते.” मी डॉक्टरला विचारलं आणि गाडी काढून तिच्या घरी गेले.

मालकीणबाईंनी दार उघडलं आणि बोटाने खाली दाखवलं. बेसमेंटची खिडकी निम्मी बर्फात बुडालेली होती. त्यातून दुधासारखा निळसर उजेड आत येत होता आणि ती त्या उजेडात भिंतीला टेकून बसली होती, गुडघ्यावर कोपर टेकून. मी दारातच थांबले.  मला वाटलं, आता ही वळेल आणि तूच असशील.

“परत लावली ताई,” ती भिंतीकडे बघत म्हणाली. “सासूबाईंचा फोन झाला आणि राहवलंच नाही. मग रोजच. म्हटलं, आता कुठल्या तोंडाने येऊ?”

मी बूट काढले आणि तिच्या शेजारी कार्पेटवर बसले. आणि जे या देशात मी कुणाला सांगितलं नव्हतं ते तिला सांगितलं. मी नर्सिंगला जाणार म्हटल्यावर तू कशी पेटली होतीस. “काय करायचंय नर्स हून? दुसऱ्याच्या बायकांवर वरडायला?” किती दिवस माझ्याशी बोलली नव्हतीस. आणि मग निघायच्या आदल्या दिवशी बाजारातून माझ्यासाठी सेकंदकाटा असलेलं घड्याळ आणलंस, कुणीतरी तुला सांगितलं होतं की नाडी मोजायला ते लागतं. माझ्या मनगटावर बांधून आपला हात पुढे केलास, “मोज. आधी माझी मोज.” तुझी नाडी माझ्या बोटाखाली पाखरासारखी फडफडत होती. तू नुकतीच पायरीवरून उठून आली होतीस. तंबाखूने नाडी धावते हे मला तेव्हा कळत नव्हतं. मी मोठ्या ऐटीत म्हटलं, “एकदम नॉर्मल.” तू किती खूश झालीस.

आणि नंतरचंही सांगितलं. माझं शेवटचं वर्ष होतं. सुट्टीत घरी आले तर तू भाकरी आमटीत कुस्करून, गिळून खात होतीस. मी जबरदस्तीने तुझं तोंड उघडून बघितलं. गालाच्या आत जे होतं ते काही आठवड्यांचं नव्हतं. पहिल्यांदा पांढरा चट्टा आला असेल, तेव्हाच दाखवलं असतंस तर. तू त्यावर तूप लावत होतीस, हळद लावत होतीस, पदर लावत होतीस. मी ओरडले नाही. मी फक्त विचारलं, “मला का नाही सांगितलंस?”

तू म्हणालीस, “तूबी आता सिस्टरच की गं.”

आई, तुझ्या आजारापेक्षा, कॅन्सरच्या दवाखान्यातल्या सहा-सात महिन्यांपेक्षा, तुझ्या जाण्यापेक्षाही हे वाक्य माझ्याजवळ जास्त राहिलं आहे. मी ते घेऊन विमानात बसले. इथल्या परीक्षा दिल्या, लायसन्स घेतलं, आणि रोज सकाळी क्लिनिकचं दार उघडताना ते माझ्याबरोबर आत येतं.

ती मुलगी माझ्याकडे वळली होती. मी तिला म्हटलं, “लावलीस तरी ये. लावून ये. तोंडात असताना ये. थुंकायला सिंक आहे आमच्याकडे. पण यायचं थांबवू नकोस.”

ती कितीतरी वेळ रडली. वर मालकीणबाईंच्या पावलांचे आवाज येत होते. मग उठून तिने स्वयंपाकाच्या ओट्याखालून डबी काढली, माझ्यापुढे धरली, पुन्हा मागे घेतली आणि म्हणाली, “आज नाही देत. उद्या क्लिनिकमध्ये आणून देते.” दुसऱ्या दिवशी ती आली. डबी आणली नव्हती. त्यानंतरच्या आठवड्यात आणली. मी ती घेतली.

नंतरही ती एकदोनदा घसरली, आणि प्रत्येक वेळी आली. मार्चमध्ये, फुटपाथवरचा बर्फ वितळून काळा चिखल व्हायला लागला तेव्हा, तिच्या लक्षात आलं की दोन दिवस तिला आठवणच झाली नव्हती. हे तिने मला अशा आवाजात सांगितलं की जणू हरवलेली वस्तू शोधायचीच ती विसरून गेली होती. डॉक्टरने आमच्या क्लिनिकमधला प्रश्न बदलला. आता आम्ही विचारतो, तुमच्या घरी, गावाकडे, तोंडात किंवा हिरड्यांवर काही लावतात का, चघळतात का? आणि विचारताना हसून विचारतो. कितीतरी बायका थोडं थांबून हो म्हणतात. नेपाळची एक आली, बिहारची एक आली. प्रत्येकीकडे त्याला वेगळं नाव आहे.

मे महिन्याच्या शेवटी तिला मुलगी झाली. दिवस पूर्ण भरून. मी नंतर वॉर्डात बघायला गेले तर बाळ असं काही टाहो फोडत होतं की कॉरिडॉरमधली माणसं वळून बघत होती. गोलसर, तांबूस, मुठी आवळलेली. सगळं मिश्री सोडल्यामुळेच झालं असं मी म्हणणार नाही, तशी कुणीच खात्री देऊ शकत नाही. पण मी त्या बाळाला उचललं तेव्हा ते माझ्या हातांना जड लागलं, आणि मला ते कुणाकडे परत देववेना. नवरा अधूनमधून ऑफिसबाहेर ओढतो अजून, लपवत नाही. ओढली की जाकीट दाराबाहेर टांगतो, हातपाय धुतो, मगच मुलीला घेतो. त्याचंही एक दिवस सुटेल. नाही सुटलं तर त्यालाही ‘या’ म्हणणार आहे.

आता उजेड जरा तांबूस झालाय. तुझी नात मघाशी पाण्याची बाटली भरायला खाली आली होती. म्हणाली, “मॉम, हू आर यू रायटिंग टू?” मी म्हटलं, “आजीला.” ती “ओके,” म्हणाली, आणि जाताना माझ्या पाठीवर हात ठेवून गेली. तिने तुला फक्त एका फोटोत पाहिलंय, आणि त्यात तू तोंड मिटून बसली आहेस.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, ते मला माहीत आहे. पण एक सांगायचं राहिलं. गेल्या आठवड्यात मी त्या मुलीच्या घरी बाळाचं वजन करायला गेले होते. दुपारची वेळ, खिडकीतून गवताचा हिरवा उजेड आत आलेला. बाळ तिच्या कुशीत दूध पिता पिता झोपलेलं, आणि तिचाही डोळा लागलेला. मी आवाज न करता बॅग भरत होते. तेवढ्यात ती झोपेतच म्हणाली, “आई, पाणी दे गं.” तिची आई कराडला आहे, व्हिसा यायचाय अजून. मला तिला उठवून सांगता आलं असतं. मी सांगितलं नाही. मी ओ दिली, पेला भरला आणि तिच्या डोक्याखाली हात घालून तिला पाणी पाजलं.